चार तारखेच्या आधी

पुसदच्या तलाव लेआउटमध्ये विजयमाला गावंडे यांचं घर विचारलं, तर लोक क्षणभर विचारात पडत. 'आरडीवाल्या बाई' म्हटलं की मात्र कुणीही बोट करून दार दाखवायचं. पोस्टातल्या महिन्याच्या ठेवी गोळा करणाऱ्या एजंट म्हणून त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. महिना लागला की खांद्याला कापडी पिशवी अडकवायची, पदर डोक्यावरून घ्यायचा आणि निघायचं. कुणी चहा ठेवायचं, कुणी पैसे तयार नाहीत म्हणून दाराआडून पोराला पुढे करायचं. विजयमालाबाई चिडत नसत. परवा येते म्हणत आणि परवा येत.

त्यांचा नवरा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर होता. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि एका दुपारी छातीत कळ येऊन तो तिथंच गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी दिवस नीट केले, पण राहा असं कुणी म्हटलं नाही. माहेरी भाऊ नानाजी होता, त्याची शेती होती, कापूस-तूर बऱ्यापैकी व्हायची. पण वहिनीच्या चुलीवर जन्म काढायचा नाही असं विजयमालाबाईंनी ठरवलं, पुसदला एक खोली घेतली आणि एजन्सी काढली.

सुरुवातीला बायका पैसे द्यायला घाबरत. परक्या बाईच्या हातात घरखर्चातून वाचवलेले पैसे कसे द्यायचे? तेव्हा विजयमालाबाई प्रत्येक घरात एकच वाक्य सांगत. "पैसे तुमी मले नाही देऊन राह्यल्या. सरकारले देऊन राह्यल्या. मी फक्त नेऊन भरते." पासबुकावर उमटलेला गोल शिक्का त्या दाखवत आणि बायांचा जीव भांड्यात पडे. त्या शिक्क्यावर त्यांचा स्वतःचाही तेवढाच विश्वास होता. त्यांच्या लेखी सरकार म्हणजे कुठला पक्ष नव्हता. पक्ष येत-जात, पोस्ट जागच्या जागी राही.

नानाजींचा मुलगा रजत पाचवीपासून त्यांच्याकडे शिकायला आला. खेड्यावरची शाळा बरी नव्हती आणि इथं घर रिकामंच होतं. विजयमालाबाईंनी त्याला स्वतःच्या ताटाशेजारी बसवून जेवू घातलं, तापात रात्री जागवल्या, अमरावतीला कॉलेजात पाठवलं. तो त्यांना आत्या म्हणायचा, पण शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव सांगताना एकदा चुकून त्यांचं सांगून आला होता. ही गोष्ट त्यांनी कित्येक घरांत चहा पिताना सांगितली असेल. रजत पोरगा हुशार होता, बोलण्यात गोड होता. शेजारच्या सुग्राबीच्या घरी त्याचा निम्मा दिवस जायचा. तिचा नवरा गफ्फार मोटारींचं वायंडिंग करायचा आणि मुलगा शादाब रजतच्याच वर्गात होता.

पुढं पोस्टाचं व्याज उतरत गेलं. एजंटांचं कमिशनही पूर्वीसारखं राहिलं नाही. लोकांच्या हातात फोन आले आणि फोनात सगळं आलं. मग लॉकडाऊन लागलं तेव्हा विजयमालाबाई पहिल्यांदाच महिनोन्‌महिने घरात बसल्या. रजत अमरावतीहून परत आला होता. आत्या नुसती भिंतीकडे बघत बसते हे पाहून त्यानं त्यांच्या फोनवर डिमॅट खातं उघडून दिलं आणि एका सरकारी वीज कंपनीचे थोडे शेअर घेऊन दिले. कसं घ्यायचं, कसं विकायचं, लाल म्हणजे काय, हिरवं म्हणजे काय, सगळं समजावलं.

विजयमालाबाईंना ते जमलं. दुपारी जेवण झालं की चष्मा लावून त्या फोन घेऊन बसत. थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की सरकारचा पैसा जिकडं वळतो तिकडच्या कंपन्यांचे शेअर चढतात. रेल्वे, वीज, रस्ते, तोफा. बजेटच्या दिवशी त्या टीव्हीसमोरून हलत नसत. त्यांनी सरकारी कंपन्यांखेरीज दुसरं काही घेतलं नाही. तिथंही त्यांना तो गोल शिक्का दिसत होता.

त्यांचं पाहून सुग्राबी आली. मग शाळेत खिचडी शिजवणारी रुपीबाई राठोड आली, तिचं घर गावाला लागून असलेल्या तांड्यात होतं. मग पार्लरवाली सुरभी आली. मंगळवारी दुपारी सगळ्या विजयमालाबाईंकडे जमत. जिच्या तिच्या फोनवर जिचं तिचं खातं होतं. विजयमालाबाई शेजारी बसून सांगत आणि बाया स्वतः बटण दाबत. रुपीबाई त्याला 'सरकारी शेअर' म्हणायची. सुरुवातीला विजयमालाबाईंनी तिला समजावलं की हे पोस्टासारखं नाही, इथं खालीही जाते. पण दोन वर्षं काही खाली गेलं नाही. मग त्यांनी समजावणं सोडलं.

डिसेंबरात तीन राज्यांच्या निवडणुका सत्ताधारी पक्षानं जिंकल्या आणि सोमवारी बाजार असा उडाला की सुरभीनं पार्लर बंद ठेवून सगळ्यांना कचोरी खाऊ घातली. त्या दिवसापासून बायांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. हा पक्ष जिंकला की आपले शेअर चढतात. सुग्राबी हसून म्हणाली होती, "हमारे ये बोलते, वोट एक तरफ और पैसा दूसरी तरफ." सगळ्या हसल्या, तीही हसली.

त्याच हिवाळ्यात रजतला नोकरी लागली. सत्ताधारी पक्षासाठी सर्व्हे करणारी एक कंपनी होती. यवतमाळला तिचं ऑफिस होतं. गावोगाव माणसं पाठवायची, फोन लावायचे, कुणाचं मत कुठं जातंय ते वर कळवायचं आणि वरून आलेला मजकूर खाली लोकांच्या फोनवर पोचवायचा, अशी दोन्ही कामं होती. विजयमालाबाईंना कोण अभिमान वाटला. देशाचा कारभार जिथून चालतो त्याच्या एका टोकाला आपला रजत बसला आहे, असं त्या म्हणत.

एप्रिलमध्ये आपल्याकडचं लोकसभेचं मतदान झालं. मे महिनाभर बाजार वर-खाली होत राहिला. मोठे नेते मुलाखतींत सांगत होते की चार जूनला निकाल लागला की बाजार उसळेल, त्याआधी घेऊन ठेवा. रजतकडून रोज तसाच मजकूर यायचा. फोटो, आकडे, बाणांची चित्रं. एकदा त्यानं खाली वेगळं लिहिलं, आत्या, तुझ्या बायांना पण पाठव.

विजयमालाबाईंनी लगेच पाठवलं नाही. त्या अजूनही थोड्याफार घरी आरडीसाठी जात. तिथं जे ऐकू येत होतं ते वेगळं होतं. कापसाला भाव नाही, सोयाबीन घरात पडलं आहे, पोरांना नोकरी नाही. शेवटी बाया पदर झटकून म्हणत, या वेळी यायले मत नाही. हे त्यांच्या कानात अडकून बसलं होतं. अक्षय्य तृतीयेला रजत घरी आला. आमरस होता, सांडगे तळले होते. तो जेवत असताना त्यांनी सरळ विचारलं.

"रजत, बाहेर लोकं वेगळं बोलून राह्यले. तू तं आत बसते. खरं सांग मले, घेऊ का नको?"

रजतनं पोळी रसात बुडवली. "आत्या, चार घरच्या बाया म्हणजे देश नाही. बिनधास्त घे."

"अन् त्यायले सांगू?"

"सांग ना. चार तारखेच्या आधी घ्या म्हणावं."

त्यांनी सांगितलं. स्वतः पोस्टातली एक ठेव मोडून शेअर घेतले. रुपीबाईनं घरावर स्लॅब टाकायला साठवलेले पैसे आणले. तिनं तेव्हा रजतचं नावही घेतलं नाही. ती एवढंच म्हणाली की बाई, तुमी म्हणता तं घेते.

जूनच्या एक तारखेला संध्याकाळी टीव्हीवर अंदाज आले. सगळ्या वाहिन्यांवर सत्ताधारी पक्षाचे आकडे फुगलेले. सोमवारी बाजार उघडताच हिरवागार झाला. सुरभीनं फोनवरच ओरडून आनंद केला. दुपारी सुग्राबी एकटीच आली. मंगळवार नव्हता, तरी आली. फोन पुढे करून ती म्हणाली की माझं सगळं विकून द्या.

विजयमालाबाई चकित झाल्या. उद्या निकाल आहे, उद्या अजून चढेल, एक दिवस थांबा असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. सुग्राबी मान हलवत राहिली. शादाब बोला, आजच बेचो, एवढंच ती म्हणाली. का ते तिलाही माहीत नव्हतं. विजयमालाबाईंच्या मनात आलं, यांना हा पक्ष आवडत नाही, म्हणून त्याच्या विजयाचा पैसाही नको असेल. असं मनात आल्याचं त्यांना लगेच वाईट वाटलं. त्यांनी तिला विकायला मदत केली आणि चहा करून पाजला.

मंगळवारी सकाळी मोजणी सुरू झाली. बाया नेहमीच्या वेळेची वाट न पाहता सकाळीच जमल्या. टीव्ही एका भिंतीला, फोन हातात. पहिल्या तासात सगळं ठीक वाटलं. मग आकडे घसरू लागले. उत्तर प्रदेशात पडझड, महाराष्ट्रात पडझड, आपल्याच मतदारसंघात सत्ताधाऱ्यांचा उमेदवार मागं. पक्षाला एकट्याला बहुमत मिळत नाही असं निवेदक वारंवार सांगू लागला. त्याबरोबर फोनातला लाल रंग गडद होत गेला. रेल्वे, वीज, तोफा, जे जे सरकारी होतं ते सगळ्यात जास्त पडत होतं.

रुपीबाईनं टीव्हीकडं पाहिलं, मग विजयमालाबाईंकडं. "बाई, सरकारच गेलं तं सरकारी शेअरचं काय होते?"

 विजयमालाबाईंनी रजतला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. आत्ताच्या आत्ता फोन कर असं लिहून पाठवलं. निशाण्या निळ्या झाल्या, म्हणजे त्यानं वाचलं होतं. फोन आला नाही. सुरभी रडायला लागली होती. रुपीबाई रडत नव्हती, ती फोन हातात धरून नुसती बसली होती. आणखी तासाभरानं आणखी खाली गेलं. विजयमालाबाईंना वाटलं, आता जे उरलं आहे तेवढं तरी या बाईच्या घरात परत जाऊ दे. त्या म्हणाल्या, विका. रुपीबाईनं विकलं. सुरभीनं विकलं. शेवटी त्यांनी स्वतःचंही विकलं, कारण या बायांना विकायला लावून आपण राखून ठेवणं त्यांना बरं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार सावरला. मित्रपक्षांनी पाठिंबा दिला, तेच सरकार पुन्हा येणार हे नक्की झालं आणि आठवडा संपायच्या आत शेअर होते तिथं जाऊन बसले. रजतचा फोन तेव्हा आला. फार गडबड होती आत्या, ऑफिसात श्वास घ्यायला वेळ नव्हता, असं म्हणाला. तुम्ही विकलं कायले, थांबायचं होतं ना, असंही म्हणाला. विजयमालाबाईंनी त्याला काही म्हटलं नाही. निवडणुकीचा दिवस, पोरगा नोकरीतला, कुठून फोन उचलणार? त्यांनी सगळा दोष आपल्या घाबरटपणाला दिला.

रुपीबाई आली तेव्हा दारातच उभी राहिली. "सरकार तं तेच हाये म्हणते. मंग माह्ये शेअर कुठं गेले?" असं विचारून ती उत्तरासाठी थांबली. विजयमालाबाईंनी समजावायचा प्रयत्न केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पुढचे कित्येक मंगळवार ती आली नाही. त्या पावसाळ्यात तिच्या घरावर टिनंच राहिली.

बकरी ईद होऊन गेल्यावर शादाब पेढ्यांचा डबा घेऊन घरी आला. त्याचं मोबाइलचं दुकान होतं. शेजारचा गाळा घेऊन ते वाढवायचं चाललं होतं. सलाम करून बसला, पाणी प्यायला. फार आनंदात होता.

"मावशी, रजतचे लय उपकार झाले. त्यानं सांगतलं नसतं तं अम्मीचेही बुडाले असते अन् माह्येही," तो म्हणाला. "तुमी तं आधीच काढून घेतले असतील ना?"

विजयमालाबाईंनी डब्याचं झाकण उघडलं होतं, ते तसंच हातात राहिलं. रजतनं काय सांगितलं होतं, असं त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं. शादाबला वाटलं त्यांना माहीत आहे. तो भडाभडा बोलत गेला. आतल्या सर्व्हेत मे महिन्यातच दिसत होतं की जागा कमी होणार. विदर्भातलं तर रजतनं स्वतः पाहिलं होतं, आणि लखनौच्या ऑफिसातल्या मित्रानं तिकडचं सांगितलं होतं. टीव्हीवरचे अंदाज आले की सोमवारी बाजार चढेल, तेव्हा सगळं विकून टाक, असं रजतनं शनिवारीच कळवलं होतं. आणि बाजार पडला तर पैसे मिळतात असाही एक सौदा असतो, त्याला पुट म्हणतात, तो दोघांनी मिळून केला होता. पैसा शादाबचा, खबर रजतची. नफा अर्धा-अर्धा.

बोलता बोलता शादाबचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडं गेलं आणि तो थांबला. "मावशी, तुमाले नोयतं सांगतलं?"

"पेढे चांगले हायेत," विजयमालाबाई म्हणाल्या. "अम्मीले नमस्कार सांग."

तो गेल्यावर त्यांनी डबा बंद करून फळीवर ठेवला. स्वयंपाक केला, जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या यवतमाळला गेल्या. येते असं कळवलं नाही. वाटेत दिग्रसच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा एका ओळखीच्या बाईनं खिडकीतून हाक मारली, कुठं निघाल्या विचारलं. भाच्याकडं, असं त्यांनी सांगितलं.

रजतची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दार उघडल्यावर त्याचा चेहरा उजळला. "आत्या, फोन करायचा ना, घ्यायले आलो असतो." त्यानं खुर्ची पुसली, पाणी आणलं, पंखा मोठा केला. भिंतीला टेकवून नवा एसी ठेवला होता, अजून खोक्यातच होता.

"शादाब आलता," त्या म्हणाल्या.

रजत पलंगाच्या कडेवर बसला.

"तुले माहीत होतं?"

"अंदाज होता आत्या. खात्री कोणालेच नसते."

"शादाबले सांगाले पुरेल एवढी होती."

 रजत म्हणाला, "शादाब तोंड उघडत नाही. तुले सांगतलं असतं तं तू त्या सगळ्या बायांले सांगतलं असतं. संध्याकाळपर्यंत पुसदभर झालं असतं की पक्षाचाच पोरगा म्हणते पक्ष पडते. माही नोकरी गेली असती."

"हो. सांगतलं असतं मी त्यायले."

"म्हणून तं नाही सांगतलं."

विजयमालाबाईंना खाली रस्त्यावर एक गाडी मागं-पुढं होत असलेली ऐकू येत होती. ती जागेला लागेपर्यंत त्या थांबल्या. "बरं. नाही सांगतलं तं नाही सांगतलं. चूप राहता आलं असतं. माह्या ताटावर बसून 'बिनधास्त घे' काहून म्हणलं तू?"

"ते सगळ्यांलेच म्हणत होतो. वरून आलं की खाली पाठवाचं, ते कामच होतं माहं. हजारो लोकांले पाठवलं."

"त्या हजारांत मी एक होती?"

 रजत जरा चिडला. बाजार परत आला ना, म्हणाला. कोणी विकलं नसतं तर कोणाचं काही गेलं नसतं. तुझं किती गेलं सांग, मी भरून देतो. रुपीबाईचंही देतो. त्यानं खरोखरच फोन हातात घेतला.

त्या उठल्या. चप्पल घालताना त्यांचा तोल गेला, रजतनं धरायला हात पुढं केला, त्यांनी चौकट धरली. तुझे पैसे तिला देऊन मी काय सांगू, ते कुठून आले म्हणून, एवढं त्या बोलल्या आणि जिना उतरल्या. परतीच्या गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. पुसद येईपर्यंत त्यांना राहून राहून तो आमरसात पोळी बुडवणारा हात दिसत होता. वर न पाहता तो बोलला होता. खरं तर त्यांना तेव्हाच कळायला हवं होतं. लहानपणी खोटं बोलताना तो असाच ताटाकडं बघायचा.

पुढच्या आठवड्यात त्या एकेका बाईच्या घरी गेल्या आणि सगळं सांगितलं. रजतनं काय केलं तेही सांगितलं. सुग्राबीनं तोंडाला पदर लावला आणि शादाबला बोलावून त्यांच्यासमोर खूप बोलली. तो खाली मान घालून उभा होता. सुरभी म्हणाली, आतल्यांचं असंच असते काकू, तुमचं आतलं कोणी हाये म्हणूनच आम्ही ऐकलं ना. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच विजयमालाबाईंना जास्त लागलं. रुपीबाई चुलीपुढं बसली होती. तिनं विचारलं, "तुमाले बी फसवलं?" त्या हो म्हणाल्या. रुपीबाईनं बसायला पोतं सरकवलं.

दिवाळीत भाऊबीजेला त्या भावाकडं गेल्या नाहीत. नानाजी स्वतः आले. गुडघे दुखत होते तरी आले. पाटावर बसले, ओवाळून घेतलं. पोरगं चुकलं, आता सोड, असं म्हणाले. दादा, मी कुठं काही धरून बसली, असं त्या म्हणाल्या. नानाजींना ते खरं वाटलं नाही, पण त्यांनी विषय वाढवला नाही.

तोवर राज्याच्या निवडणुका आल्या होत्या. बायांच्या खात्यात लाडक्या बहिणीचे पैसे जमा होत होते. रुपीबाईनं त्यातून पोस्टात आरडी काढली, विजयमालाबाईंकडूनच. मतदान बुधवारी झालं. गुरुवारी दुपारी रुपीबाई महिन्याचे पैसे द्यायला आली होती. सुरभीही सहज आली होती. तेवढ्यात रजतचा फोन आला.

"आत्या, एकटी हायेस का?"

"बोल."

"शनिवारी निकाल आहे. या वेळी आकडे मी स्वतः पाह्यले. राज्यात सरकार पक्कं परत येते, फार मोठं येते. उद्या सकाळी घेऊन टाक. जे गेलं ते भरून निघते. खरं सांगून राह्यलो, तुही शपथ."

विजयमालाबाईंना त्याचा आवाज ओळखता येत होता. तो खरं बोलत होता. त्यांनी फोन कानापासून काढला, स्पीकरचं बटण दाबलं आणि तो पोळपाटाशेजारी ओट्यावर ठेवला.

"रजत, रुपीबाई अन् सुरभी इथंच बसल्या हायेत. फोन त्यायच्यापुढं ठेवला. आता पहिल्यापासून सांग."

पलीकडं कुणाच्या तरी बोलण्याचा, दार लागल्याचा आवाज आला. रुपीबाई फोनकडं पाहत होती.

"आत्या, असं नाही जमत," रजत हळू आवाजात म्हणाला. "मी मंग करतो." आणि फोन बंद झाला.

तो काय सांगत होता ते विजयमालाबाईंनी दोघींना जसंच्या तसं सांगितलं. मग घ्यायचं का, असं सुरभीनं विचारलं. त्या म्हणाल्या, तो बहुतेक खरं बोलून राह्यला, पण मी घेत नाही आणि घ्या असं म्हणतही नाही. रुपीबाईनं नोटा सरळ करून त्यांच्या हातात दिल्या आणि पावती मागितली.

शुक्रवारी बाजार उसळला. शनिवारी सत्ताधारी प्रचंड बहुमतानं आले आणि सोमवारी बाजार पुन्हा चढला. सुरभीनं शुक्रवारी सकाळीच गुपचूप थोडे घेतले होते. हे तिनं महिनाभरानं सांगितलं, तेही भीत भीत. विजयमालाबाई म्हणाल्या, बरं केलं.

रजत आता मुंबईला असतो. पगार मोठा आहे, काम तेच आहे. तो रविवारी फोन करतो आणि विजयमालाबाई उचलतात. नानाजींच्या गुडघ्याचं बोलणं होतं, पाऊस-पाण्याचं होतं. बाजाराचं तो काढत नाही आणि त्या विचारत नाहीत. मागच्या रविवारी त्यानं विचारलं, आत्या, जेवली का?

"हो, जेवली," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून कुकर लावायला उठल्या.